पंधरा दिवसांची मुदत

मोबाईलमधली तारीख सोळा दिवस मागे नेऊन अरुण हिवाळेनं दाराचा फोटो काढला आणि लगेच नखानं नोटीस सोलायला घेतली. खळ ओली असेपर्यंत कागद सहज निघतो. अर्धा निघाला आणि आतून कडी वाजली.

"कोण? अरुणा? सुम्ने, उगाच दारात उभा राहून काय करतोस रे?" सुमित्राबाईंनी उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला.

"काही नाही, अक्का. दुसऱ्या घराचा कागद चुकून इथं लागला. काढतोय."

"बरं, बा, आत ये. कापी पिऊन जा."

"नको. ऑफिसला उशीर होतोय."

चुरगळलेला कागद खिशात कोंबून तो स्कूटरकडे वळला. चेहरा तापला होता.

सरस्वतीपुरमच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत सुमित्राबाई बावन्न वर्षं शिवणकाम करत होत्या. नवरा गेला, हात थरथरू लागले, तरी ब्लाउजची काजं अजून त्या हातानंच करायच्या. अरुणचे वडील नगरहून इथं, कानडी मुलखातल्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलेले. पुढं त्यांच्या जुन्या पँटी कापून अरुणला शाळेच्या चड्ड्या सुमित्राबाईंनीच शिवून दिल्या होत्या.

आता त्यांच्या घरामागं एका बड्या माणसाचं मंगल कार्यालय उभं राहत होतं आणि त्याला रुंद वाट हवी होती. कागदावर अर्थातच वाटेचा उल्लेख नव्हता. कागदावर होतं 'पावसाळी नाल्यावरचं अतिक्रमण'. त्या गल्लीत नाला कुणी कधी पाहिला नव्हता. नकाशावर तो गेल्या महिन्यात उगवला होता.

महापालिकेच्या ऑफिसात अतिक्रमण विभागाचे सत्यनारायणसाहेब मद्दूर वडा खात होते. त्यांनी रुमालानं एकेक बोट पुसलं, कारण टेबलावर कायद्याचं पुस्तक उघडं होतं आणि त्यावर तेलाचा डाग पडलेला त्यांना खपत नसे. मग फोटो पाहिला.

"तारीख स्वच्छ आलीय. हे बघा हिवाळे, मला दांडगाई आवडत नाही. नोटीस दिली, पंधरा दिवस थांबलो, हरकत आली नाही, आदेश काढला. कलम, पोटकलम, सगळं जागच्या जागी. कायद्याबाहेर आपण एक पाऊल टाकत नाही."

"सर, म्हातारी एकटी आहे. खरोखरच पंधरा दिवस दिले तर..."

"दिलेच आहेत की." साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं. "शुक्रवारी सुट्टी. शनिवार-रविवार कोर्ट बंद. शनिवारी सकाळी मशीन येईल. तुम्ही पंचनाम्याला हजर राहा."

साहेबांच्या आवाजात खोटेपणाचा मागमूस नव्हता. तो नव्हता, म्हणूनच अरुणला शिसारी आली. एकतीस वर्षं तो लोकांच्या दारांवर नोटिसा चिकटवत होता. अशा मागच्या तारखेच्या यापूर्वीही चार-पाच चिकटवल्या होत्या, आणि दर वेळी स्वतःला सांगितलं होतं की आपलं काम चिकटवायचं, आत काय लिहिलंय ते वरच्यांनी बघावं. त्या दिवशी त्यानं तीनदा साबणानं हात धुतले. खळीचा आंबूस वास जाईना. डबा तसाच घरी परत आला.

शुक्रवार हा गुड फ्रायडे होता. देवळात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन चाललं होतं. क्रुसावर, प्रभूच्या डोक्याच्या वर, आरोपाची पाटी लावली गेली; तीन भाषांत, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावी म्हणून. अरुणनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. आज मात्र त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली. ती पाटी कुणीतरी नेऊन ठोकली असणार. हुकूम सुटला, एक शिपाई शिडी लावून चढला, पाटी सरळ बसली का बघितली आणि खाली उतरला. संध्याकाळी घरी जाऊन जेवलाही असेल.

उपासना संपल्यावर त्यानं पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अधिकारी देवानंच नेमलेले असतात, अरुण. निवृत्तीला दोन वर्षं राहिली ना? सांभाळून राहा. प्रार्थना करा."

विजयनगर भागातल्या घरी पोचल्यावर त्यानं ते सगळं, पाळकसाहेबांच्या उत्तरासकट, बायकोला, कमलिनीला सांगितलं. ती नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, शब्द जपून वापरणारी बाई.

"देवानं अधिकारी नेमले ते म्हातारीचं घर पाडायला?" ती म्हणाली. "अहो, प्रभूचं तरी काय बेकायदा झालं? साक्षीदार आणले, खटला चालवला, 'माझ्याकडे दोष नाही' म्हणत सुभेदारानं हातसुद्धा धुतले. सगळं रीतसर. म्हणून ते पाप नव्हतं?"

"मी काय करणार? मी साधा शिपाई."

"खिळे ठोकणाराही शिपाईच होता," कमलिनी म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली.

शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी पिवळं मशीन घरघरत उभं होतं. सुमित्राबाई दारात होत्या. गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकत होती.

"नोटीस? कुठली नोटीस? अय्यो, मला कुणी काही दिलं नाही हो!"

सत्यनारायणसाहेबांनी नम्रपणे फाईल उघडून पोलीस इन्स्पेक्टरला फोटो दाखवला. "दारावर लावली होती, अम्मा. तुम्ही वाचली नाही, त्याला कायदा काय करणार? हिवाळे, सही करा."

अरुणनं पेन हातात घेतलं.

"मी बुधवारी लावली," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "याच बुधवारी लावली. फोटो काढला आणि लगेच काढून टाकली. तारीख खोटी आहे. मीच घातली, साहेबांच्या सांगण्यावरून."

मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. साहेब चिडले नाहीत. "लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

अरुणनं पंचनाम्याच्याच कागदावर मागच्या बाजूला सगळं लिहून सही केली. इन्स्पेक्टरनं ते दोनदा वाचलं, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सर, हे लिहून आलं म्हटल्यावर मी बंदोबस्त देऊ शकत नाही."

मशीन परत गेलं. शेजारच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुमित्राबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या अरुणकडे नुसत्या बघत राहिल्या. बुधवारचा तो कागद त्यांना आठवला असावा.

सोमवारी साहेबांनी अरुणला निलंबित केलं. सरकारी कागदात खोटी तारीख घातल्याचा गुन्हा त्याच्याच लेखी कबुलीवर नोंदवला गेला. 'साहेबांच्या सांगण्यावरून' याला पुरावा नव्हता. त्याच दिवशी सुमित्राबाईंना नवी नोटीस मिळाली. हातात, सहीनिशी, खऱ्या तारखेची. त्यांनी हरकत घेतली, वकील दिला. नकाशावर नाला दिसतो म्हणून हरकत फेटाळली गेली. या खेपेला एका अक्षरातही चूक नव्हती. त्याचीच अरुणला सगळ्यात जास्त किळस वाटली.

सोळाव्या दिवशी तो आणि कमलिनी भाड्याचा टेम्पो घेऊन गेले. सामान आदल्या दिवशीच बांधून झालं होतं. सुमित्राबाई त्यांच्याकडेच राहायला येणार होत्या. तसं कमलिनीनंच ठरवलं होतं.

"अक्का, त्या दिवशी मी दारात खोटं बोललो," अरुण म्हणाला.

"गोत्तु रे. माहीत आहे मला." "फार राग आला होता तुझा. अजून थोडा आहे."

गल्लीच्या तोंडाशी मशीन येऊन थांबलं. साहेब घड्याळ बघत होते. आदेशात दहाची वेळ होती आणि दहाला पाच मिनिटं कमी होती. शिवणयंत्र तेवढं आत राहिलं होतं. ते आणायला अरुण उंबऱ्यापाशी गेला.

"चपला काढ," सुमित्राबाई म्हणाल्या. "आत्ताच फरशी पुसलीय."

त्यानं चपला काढल्या. रिकाम्या खोलीतली लाल फरशी ओली होती, कोपऱ्यान् कोपरा पुसलेली. पाय उमटू नयेत म्हणून तो भिंतीच्या कडेकडेनं आत गेला.