एका हाताने उघडायची पिशवी

लेकीची दुपारची झोप अर्ध्या तासाची, तेवढ्यात हे लिहून घेते.

लढाई सुरू झाली आणि आमच्या शिवणखात्यात दप्तरं बंद होऊन सैन्याच्या मलमपट्टीच्या पिशव्या आल्या. तळहाताएवढ्या, कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, चेनवाल्या. मी तपासते. माझा शिक्का बसला की माल खोक्यात.

जेवणाच्या सुट्टीत बातम्यांचा फड रंगतो. चेन बसवणारी मावशी म्हणते, "निवडणूक आली की पुढाऱ्यांना सैनिकांचा उमाळा येतो. एरवी सैनिकाच्या आईला दारात उभं करत नाहीत."

"त्याच उमाळ्यावर आपली चूल पेटतेय," इस्त्रीवाले काका म्हणतात. "गेल्या वर्षी दप्तरांवर निम्मे दिवस घरी बसलो, विसरलीस?" मग ते डबा संपेपर्यंत अर्धी लढाई जिंकून देतात.

"तुम्हीच जा की लढायला," मावशी म्हणते.

"गुडघे नको म्हणतात."

मला दोघांचंही पटतं.

परवाचा लॉट घाईचा होता. मतदानाआधी पोचवायचा, म्हणून आतलं कडक अस्तर गाळलेलं. मी टेबलावर एकेक चेन उघडून पाहिली, चालली, शिक्के मारले. एक नमुना पर्सच्या पट्ट्याला अडकवलेला तसाच घरी आला.

संध्याकाळी लेक कडेवर होती. ती झाल्यापासून मी एकहाती बाई झालेय. कुकर काय, कुलूप काय, सगळं उजव्या हाताने. तिला ती पिशवी उघडून हवी होती. मी चेन ओढली. मऊ कापड चेनीबरोबर गोळा होऊन वर आलं, चेन तिथेच. पुन्हा ओढली. लेकीला तो खेळच वाटला, ती खुदुखुदू हसत राहिली. मी मात्र ओढायचं थांबवलं. ज्याला ही पिशवी उघडायची असेल, त्याचा दुसरा हात कामाचा असेल कशावरून?

सकाळी सुपरवायझरांसमोर उभी राहिले. "साहेब, माझे शिक्के चुकलेत."

"ताई, चेन चालते. मी स्वतः पाहिलीय."

"दोन हातांनी."

"मग माणसाला हात असतात किती?"

मी पिशवी त्यांच्या पट्ट्याला अडकवली आणि म्हटलं, "जखम दाबावी तसा डावा हात उजव्या खांद्यावर घट्ट दाबून धरा. आता उघडा."

त्यांनी ओढली. हसत ओढली, मग दात आवळून ओढली. मशिनी एकेक करून थांबल्या.

काका हळूच म्हणाले, "पोरी, हा लॉट अडला तर पुढचं काम दुसरीकडे जाईल. तुझ्याही पदरात लेकरू आहे."

"आहे ना काका. त्या पिशवीवाल्याच्या आईच्याही होतं."

साहेबांचा हात अजून खांद्यावरच होता. "अस्तर घालायला किती दिवस?"

"आठवडा."

"मतदान होऊन जाईल."

"होऊ दे. लढाई काही त्या दिवशी संपणार नाही."

ते काचेच्या खोलीत गेले आणि फोन लावला. आम्हाला ऐकू येत नव्हतं. साहेब खुर्ची असूनही उभे राहून बोलत होते, मध्येमध्ये नुसते ऐकत होते. मग काकांनी चष्मा चढवला, एक खोकं स्वतःसमोर पालथं केलं आणि मावशीकडे हात पुढे केला. "उसवायची कात्री दे इकडे."