पाचवा कोपरा

सीताराम सुताराने प्लायवूडचा तुकडा गॅलरीत उतरवला. तीन बाजूंनी तो भिंतींना अगदी चिकटून बसला, पण खिडकीकडच्या कोपऱ्यात हाताचा पंजा सहज आत जाईल एवढी फट राहिली.

"मॅडम, तुमच्या मापानंच कापलंय," तो कागद पुढे करत म्हणाला. "हे बघा. एक सूत इकडचं तिकडे नाही."

अपेक्षाने कागद पाहिला. खरंच होतं. आकडे तिचे, अक्षर तिचं, आणि खाली तिनेच दोनदा अधोरेखित केलेली कोनांची बेरीज: पाचशे चाळीस.

गिरगावातली त्यांची बिल्डिंग गल्लीच्या वळणावर उभी होती. गल्ली वळली तशी बिल्डिंगही वळली आणि त्यात टोकाच्या खोलीची बंद गॅलरी पाच कोपऱ्यांची झाली होती. एकही बाजू दुसरीसारखी नाही, एकही कोपरा काटकोनात नाही. शिवाय ती खोलीपेक्षा एक पायरी खाली. दिवाळीच्या आधी तुळशीला पाणी घालायला गेलेल्या आनंदीबाई, म्हणजे अपेक्षाच्या सासूबाई, तीच पायरी चुकल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. आतल्या खोलीत पंख्याकडे बघत पडून राहायचा त्यांना इतका वीट आला की जेवणही कमी झालं. त्यांना खिडकी हवी होती. म्हणून गॅलरीची जमीन लाकडानं उचलून खोलीच्या पातळीला आणायची आणि तिथे त्यांची कॉट टाकायची असं ठरलं.

घरातच करवत चालवली असती तर भुशाने आनंदीबाईंचा दमा उसळला असता. तेव्हा सीताराम लालबागच्या कारखान्यात कापून आणणार, मापं अपेक्षा देणार. परळच्या शाळेत ती नववीला गणित शिकवायची. विनीत, तिचा नवरा, हसून म्हणाला होता, "घरात मॅथ्सची टीचर असताना टेन्शन कसलं?"

आता तोच दारात उभा राहून फटीकडे बघत होता. "वॉकरचा पाय बरोब्बर ह्यात जाणार," तो म्हणाला.

"दिसतंय मला," अपेक्षा म्हणाली.

सीताराम गेला. फळी मात्र तशीच भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि येता-जाता ती अपेक्षाच्या डोळ्यांत खुपत होती. दोन दिवस शाळेतही तिचं लक्ष लागेना. पद्धत चुकली नव्हती. एका कोपऱ्यातून दोन कर्ण टाकून पंचकोनाचे तीन त्रिकोण पाडले, सगळ्या बाजू टेपने मोजल्या, त्यांवरून कोन काढले. आंतरकोनांची बेरीज पाचशे चाळीस यायला हवी, तर ती आली. मग चुकलं कुठे?

उत्तर तिला वर्गात सापडलं, आणि सापडलं तेव्हा हातातला खडू आपटावासा वाटला. फळ्यावर तिने एक वेडावाकडा पंचकोन काढला होता. पूर्वी नावाच्या मुलीने विचारलं, "टीचर, आपण बाजू चुकीची मोजली तर बेरीज चुकेल?"

"चुकेल ना," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ती थांबली. चुकणार नाही. बाजू कशाही मोजा, त्रिकोण जुळला की त्याचे कोन एकशे ऐंशीच. तीन त्रिकोण, पाचशे चाळीस. ज्या बेरजेवर ती इतकी निर्धास्त होती, त्या बेरजेने काहीच तपासलं नव्हतं.

संध्याकाळी शाळेतला लाकडी कोनमापक घरी आणून तिने पाचही कोपरे थेट मोजले. ह्या वेळी बेरीज पाचशे अडतीस आली. भिंतीचं प्लास्टर उंचसखल, एखाददुसऱ्या अंशाची चूक होणारच. पण कागदावरच्या कोनांशी ताडून पाहिलं तर दारालगतचे दोन कोपरे जुळत होते आणि उरलेल्या तिन्हींत मोठा फरक होता. तिन्ही एकाच त्रिकोणातले. त्यांतले दोन कागदावर लहान झालेले, खिडकीकडचा एक मोठा. म्हणजे त्या कोपऱ्यापासूनच्या दोन्ही बाजू कमी मोजल्या गेल्या होत्या.

त्या दोन मापांच्या वेळी टेपचं दुसरं टोक वॉकर टेकत मदतीला गॅलरीत उतरलेल्या आनंदीबाईंकडे होतं.

अपेक्षा तरातरा आत गेली. "आई, त्या दिवशी टेप कोपऱ्यात नीट लावली होतीत का?"

आनंदीबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी पुढची पाकळी हातात घेतली.

"आई, मी विचारतेय. सगळं प्लायवूड वाया गेलं."

"माका वाकूक जमना नाय," त्या हळूच म्हणाल्या. "पायाखाली दाबून धरलंय टोक. अंगठ्यान. पाय जाय थंयसर गेलो, फुडे कोपऱ्यापर्यंत जायना."

"मग सांगायचं ना तेव्हाच! मी पाठमोरी होते, मला कसं कळणार?"

"तू कावलेली. आणि सांगलंय असतंय तर म्हटलं असतंस, आई, तुमी बसा." त्यांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "दिवाळीपासून सगळी माका बसाच सांगतत."

अपेक्षाला बोलायचं होतं बरंच. दोन दिवस ती स्वतःला मूर्ख समजत होती, त्याचं काय? पण त्या दिवशी आपण टेप त्यांच्या हातात देऊन "घट्ट धरा, हलू नका" एवढंच म्हणालो होतो, हेही तिला आठवलं. त्या वाकू शकतात का, हे तिने विचारलंच नव्हतं. राग गेला नाही, फक्त कुणावर काढावा ते कळेना.

रविवारी तिने पुन्हा सगळी मापं घेतली. टेपचं टोक कोपऱ्यात चिकटपट्टीने चिकटवलं आणि आकडा स्वतः ओणवं होऊन वाचला. आनंदीबाई उंबऱ्याशी खुर्चीवर मांडीवर पाटी घेऊन बसल्या. आकडे त्यांनी लिहायचे.

"एकशे सदतीस."

"सदतीस? की सत्तेचाळीस?"

"सदतीस, आई."

त्या सावकाश, गोल अक्षरात लिहीत. अपेक्षाचे गुडघे लादीवर दुखत होते, पुढचा आकडा जिभेवर ताटकळत होता. पाटी हिसकावून आपणच लिहावं असं तिला दर खेपेला वाटलं. तिने ते केलं नाही.

सगळं झाल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, "आता बेरीज कर मगे."

"बेरीज बरोबरच येणार, आई. तिचा काही उपयोग नाही," ती म्हणाली आणि कोनमापक घेऊन पुन्हा कोपऱ्याकडे वळली.

नवी फळी बसवताना सीतारामने भरपूर कुरकुर केली, पण ती पाचही कोपऱ्यांत बसली. जुन्या फळीचं काय करायचं ते ठरलं नाही, म्हणून ती कॉटखाली गेली. आनंदीबाई वॉकर टेकत खिडकीशी आल्या, कॉटवर बसल्या आणि खालच्या गल्लीत मासेवाली आली आहे का ते बघायला लागल्या.