चुन्याने न आखलेली रेषा

मित्रांनो, माझ्या पोटात बुचाचा एक गोल दाणा आहे. कोणी माझ्यात फुंकर घातली की हवा आत फिरते, तिच्याबरोबर दाणा फिरतो आणि त्यामुळे माझा आवाज थरथरत बाहेर पडतो. माझी रचना एवढीच. मी पितळेची एक जुनी शिट्टी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. विचार करता येईल असे त्यात काही नसते. तरी गेल्या हिवाळ्यापासून मी एका गोंधळात पडले आहे, आणि तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. साच्यात दाबलेले पत्र्याचे तुकडे डाख देऊन जोडले, मला घासून चकचकीत केले आणि कापसात गुंडाळून नागपूरला पाठवले. तिथल्या एका दुकानातून मला शकुंतलाबाईंनी विकत घेतले. बाई मध्य प्रदेशातल्या, पण महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या मराठी बोलणाऱ्या सौंसरमध्ये एका शाळेत खेळ शिकवत. पहाटे त्या चुन्याने कबड्डीचे मैदान आखत, आणि मग दिवसभर मी त्यांच्या गळ्यात असे.

ते दिवस फार सोपे होते. पाय चुन्याच्या रेषेबाहेर पडला, की मी वाजायची. चढाईला गेलेल्या मुलीचा दम तुटला, की मी वाजायची. दम म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच: समोरच्यांच्या मैदानात एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचे, आणि थांबले की बाद. बाईंची शिट्टी पार संत्र्याच्या बागांपर्यंत ऐकू येते, असे लोक कौतुकाने म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे बाई निवृत्त झाल्या. मी त्यांच्या लोखंडी कपाटात तुटक्या बटणांच्या डब्यात पडून राहिले. हवा मिळेना. अंगावर हिरवट गंज चढला, दाणा एका कोपऱ्याला चिकटला. मला वाटले, आपले आयुष्य इथेच संपले.

पण एके दिवशी बाईंची जुनी विद्यार्थिनी केतकी त्यांना भेटायला आली. ती आता कबड्डीची पंच झाली होती. बाईंनी डबा उघडून मला तिच्या हातावर ठेवले. केतकीने घरी नेऊन मला चिंचेने घासले, सुई घालून दाणा हळूच मोकळा केला आणि फुंकर मारली. माझा आवाज पहिल्यासारखाच निघाला.

केतकी मॅडम सातपुडा कबड्डी लीगमध्ये पंच होत्या. या लीगमध्ये खेळाडूंवर बोली लागते, सामने दिव्यांच्या झगमगाटात होतात, आणि चुन्याच्या ऐवजी रबरी मॅटवर रंगीत रेषा असतात. बाकीच्या पंचांकडे प्लास्टिकच्या शिट्ट्या होत्या. मॅडमनी मला सोडले नाही.

सौंसरच्या संघाने त्या हंगामात मंजुनाथ नावाचा एक चढाईपटू घेतला होता. तो कर्नाटकातल्या यल्लापूरजवळच्या जंगलातला, सिद्दी समाजाचा. त्याचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडच्या किनाऱ्यावर आले होते. त्याचा वर्ण गडद काळा, केस दाट कुरळे. घरात तो कोकणीसारखी बोली बोले, आणि हल्याळच्या मराठी शाळेत शिकल्यामुळे मराठी त्याला चांगली येत असे. पण हे इथे कोणाला माहीत नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. लोक त्याच्याशी हिंदीत बोलत आणि त्याच्याविषयी, त्याच्यासमोरच, मराठीत. याचे मला नवल वाटे. पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना भोपाळमध्ये ‘महाराष्ट्रवाले’ म्हणतात आणि नागपुरात ‘एमपीवाले’. आपल्याकडे नुसते बघून कोणी आपला हिशेब लावला की कसे वाटते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

लीगचे निवेदक होते बोरगावचे चिंधूकाका. माइक हातात आला की ते प्रत्येक खेळाडूला एक नाव देत. कोणी वाघ, कोणी इंजिन, कोणी घोरपड. मंजुनाथला त्यांनी नाव दिले ‘काल्या’. ते नाव सौंसरच्या मैदानावर लगेच रुळले. तो चढाईला निघाला की सगळे लोक टाळ्यांच्या ठेक्यावर ‘काल्या, काल्या’ करत. मंजुनाथ ओठ मिटून हसायचा. मला वाटे, तो खूश आहे.

मग पांढुर्ण्याच्या संघाशी, त्यांच्याच मैदानावर सामना आला.

सामना बरोबरीत होता. मंजुनाथ चढाईला निघाला आणि चिंधूकाका सवयीने भोंग्यावरून म्हणाले, आता येत आहे काल्या. पांढुर्ण्याच्या बाजूच्या गॅलरीतून तोच शब्द उलटून आला. ठेकाही तोच. मग त्या ठेक्यात माकडासारखे हुंकार मिसळले. आधी चारदोन जण होते, मग अख्खी गॅलरी झाली. कोणीतरी केळीचे साल मॅटवर भिरकावले. पहिल्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला हसत म्हणाला, “त्याले काय समजते.”

मंजुनाथ तेव्हा समोरच्या मैदानात खोल गेला होता. तो थांबला. त्याने गॅलरीकडे पाहिले. त्याचे ‘कबड्डी’ अर्ध्यावर राहिले.

त्याच क्षणी मी वाजले. मॅडमचा श्वास इतक्या जोराने आला की माझा दाणा आतून वरच्या पत्र्यावर आदळला.

पांढुर्ण्याचे खेळाडू उड्या मारू लागले. त्यांचा कप्तान वीरेंद्र धावत मॅडमकडे आला.

“मॅडम, दम तुटला त्याचा. आऊट द्या.”

“दमासाठी नाही वाजवली.”

“मंग कायले वाजवली?”

मॅडमनी गॅलरीकडे बोट केले. वीरेंद्रने तिकडे पाहिले, मग मॅटकडे पाहिले, जणू तिथे एखादी रेषा असेल आणि ती ओलांडल्याची खूण असेल. मीही पाहिले. मला खूण कुठेच दिसली नाही. नियमाने दम तुटला होता हेही खरे होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच असे झाले होते की मी वाजले, आणि कशासाठी ते मलाच कळत नव्हते.

मॅडम निवेदकाच्या टेबलाजवळ गेल्या. त्यांनी चिंधूकाकांना सांगितले की, हे ओरडणे थांबत नाही तोवर सामना बंद, असे माइकवरून जाहीर करा. काकांचा चेहरा पडला. नाव तर आपणच ठेवले आहे, आता लोकांना कोणत्या तोंडाने अडवू, असे ते पुटपुटले. तेवढ्यात मंजुनाथ पाणी प्यायला तिथे आला. काकांनी माइक बंद केला आणि त्याला हिंदीत समजवायला सुरुवात केली. मंजुनाथ म्हणाला, काका, मराठीत बोला, मला येते. काका मराठीवर आले.

“अरे, मी तं लाडानं ठेवलं बाप्पा,” ते म्हणाले. “माह्यंच नाव पाय ना, चिंधू. माह्या आधीचे दोघं वाचले नाही. मायनं मले चिंध्यात ठेवलं अन् चिंधू म्हटलं, नजर लागू नये म्हणून. वंगाळ नाव असलं का माणूस टिकते.”

मंजुनाथने बाटलीचे झाकण लावले.

“काका, तुमचं नाव तुमच्या आईनं ठेवलं. माझंपण माझ्या आईनंच ठेवलंय.”

माइक बंद होता, म्हणून हे मैदानाने ऐकले नाही.

काकांनी घसा खाकरून ती घोषणा केली. गॅलरी थोडी शांत झाली, हसली आणि पुन्हा सुरू झाली. तेव्हा मॅडमनी सामनाच सोडून दिला. लोक चिडले, काहींनी खुर्च्या आपटल्या. मंजुनाथ लीगचे सचिव रवींद्रभाऊ यांना एवढेच सांगून गेला की, त्या चढाईत मला बाद धरले, तर मी घरी निघून जाईन. “माझा दम तुटला नाही, तोडला गेला,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रवींद्रभाऊंच्या ऑफिसात बैठक झाली. मी मॅडमच्या मुठीत होते.  रवींद्रभाऊंचा संत्र्याचा व्यापार. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांना हंगाम नीट पार पडायला हवा होता. त्यांनी सुचवले की मैदानावर ‘खेळभावना जपा’ असा मोठा बॅनर लावू, मंजुनाथ आणि वीरेंद्र कॅमेऱ्यासमोर हात मिळवतील, आणि मंजुनाथ सांगेल की माझी काही तक्रार नाही.

“त्यालेच विचारून घेऊ,” ते म्हणाले. “तो म्हणाला का वाईट नाही वाटलं, तर विषय संपला.”

“रेषेबाहेर पाय पडला, तर समोरच्याला आपण विचारतो का, तुला वाईट वाटलं का म्हणून?” मॅडम म्हणाल्या. “रेषा लीग आखते. ती ओलांडली का ते पाहणं माझं काम आहे. त्याचं काम खेळणं.”

रवींद्रभाऊंनी विचारले, पण हा नियम लिहिलाय कुठे? मॅडम म्हणाल्या, कुठेच नाही, आज लिहा, आणि पुन्हापुन्हा झाले तर संघाचे गुण कापा, असेही लिहा.

मग वीरेंद्र बोलला. लोक ओरडले, त्याची शिक्षा संघाला कशी? आम्ही तर तोंड उघडले नाही. मला त्याचे म्हणणे पटले. मग मॅडमनी विचारले की घरच्या लोकांच्या आरोळ्यांनी तुमच्या अंगात बळ येते ते तुम्ही घेता ना, आणि मला तेही पटले. एकाच वेळी दोन्ही कसे पटते, ते मला अजून उमगलेले नाही. 

“ऐकू तं मलेही आलं होतं,” वीरेंद्र शेवटी म्हणाला. “मले वाटलं, त्याचा दम तुटून राहिला तं आपलाच फायदा आहे.”

त्यानंतर खोलीत वाद उरला नाही. ती चढाई आणि तो सामना रद्द ठरला. सामना पुन्हा, सौंसरला होणार. नवा नियम लिहिला गेला. पहिल्यांदा असे झाले की पंच खेळ थांबवेल आणि घोषणा होईल. दुसऱ्यांदा झाले की ती गॅलरी रिकामी केली जाईल. तिसऱ्यांदा झाले की ज्यांचे लोक ओरडतील, त्या संघाचे गुण कापले जातील. खेळाडूला माफ करायला कोणी सांगणार नाही. निवेदक खेळाडूचे तेच नाव घेईल, जे खेळाडूने स्वतः सांगितले आहे. बॅनरही लागला, कारण त्याचे कापड आधीच आणून झाले होते.

मंजुनाथ थांबला. पण त्याने बॅग भरलेलीच ठेवली आहे, असे मॅडम घरी कोणाला तरी सांगत होत्या.

सामन्याच्या दिवशी सौंसरचे मैदान ओसंडून वाहत होते. आपल्या खेळाडूचा अपमान झाला म्हणून लोक दूरदूरच्या गावांतून आले होते. मंजुनाथ पहिल्या चढाईसाठी मध्यरेषेवर आला, आणि त्याला धीर द्यावा म्हणून सगळे मैदान एका सुरात म्हणू लागले, ‘काल्या, काल्या’.

मॅडमनी मला ओठांत धरले. मला वाटले, आता नाही वाजवणार. हे आपले लोक आहेत, यांच्या आवाजात माया आहे. मॅडमचा श्वास क्षणभर अडला. मग मी वाजले.

लोकांना काही कळेना. पहिल्या रांगेतून जयवंताबाई उठल्या. प्रत्येक सामन्याला त्या संघासाठी घरच्या बागेतली संत्री घेऊन येत.

“अवं बाई, आमच्याच लेकरासाठी ओरडून राहिलो आम्ही. आमच्यावरच काहून शिट्टी?”

 मॅडम चिंधूकाकांकडे बघत होत्या. काकांच्या हातातला माइक नुसता खरखरत होता. ते बोलतील की नाही, हे मला सांगता आले नसते. मंजुनाथही मागे वळून त्यांच्याकडे पाहत होता.

“सौंसरकरहो,” काका म्हणाले, “ही पहिली सूचना आहे. ही आपल्यासाठी आहे.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “चढाईला येत आहे, मंजुनाथ.”

जयवंताबाई पुटपुटत खाली बसल्या. काही लोक रागाने उठून गेले. काहींनी ‘मंजुनाथ, मंजुनाथ’ असे म्हणून पाहिले, पण ते जुन्या ठेक्यात बसेना, म्हणून तेही गप्प झाले. मैदान कधी नव्हे इतके शांत झाले, आणि त्या शांततेत एकच आवाज ऐकू येऊ लागला: कबड्डी, कबड्डी, कबड्डी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड. वीरेंद्रने त्याचा घोटा धरला, बाकीचे त्याच्यावर पडले, मध्यरेषा वीतभर लांब राहिली. मी वाजले. मंजुनाथ बाद झाला होता. या वेळी कशासाठी, ते मैदानातल्या प्रत्येकाला कळत होते. मंजुनाथ अंग झटकत उठला. तो हसला, आणि त्याचे दात मला पहिल्यांदाच दिसले.

मित्रांनो, माया आणि टर यांतला फरक मला अजूनही आवाजावरून ओळखता येत नाही. दोन्ही वेळा हवा सारखीच हलते. तुम्हाला तरी तो दर वेळी ओळखता येतो का? येत नसेल, तर कोणाला एखादे नाव देण्याआधी त्याचे खरे नाव त्यालाच विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हातात माझ्यासारखी शिट्टी आली, तर तिला फक्त रंगीत रेषांवर लक्ष ठेवायला लावू नका. आपल्याच माणसांवर ती वाजवायची वेळ आली, तर श्वास जरा अडेल. अडू द्या. मग फुंकर मारा.