चॅपलच्या दारापासून लितानी संपेपर्यंत

झेलमीन लारोझला ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढं दहा मिनिटं मिळणार होती, आणि तिला विचारायचं होतं ते एकच. माझं लेकरू धावपट्टीखाली गेलं का?

बाकीचं इतरांनी सांगून झालं होतं. हिंदी महासागरातल्या शागोस बेटांवरून हलवलेल्या आणि आता इंग्लंडात क्रॉलीला राहणाऱ्या शागोसकरांच्या मंडळानं कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिले होते. बेटावरचा लष्करी तळ कुणाच्या संमतीनं झाला, करार किती वर्षांचा, तिथून कुठली विमानं उडतात आणि पार्लमेंटला ते आधी कळतं की नंतर वर्तमानपत्रातून, असं सगळं त्यात होतं. झेलमीनला त्यातलं निम्मं समजत होतं. तिची तक्रार नव्हती. मोठ्या गोष्टी मोठ्या माणसांनी विचाराव्यात. तिनं स्वतः विमानतळावर बारा वर्षं फरशी पुसली होती, काचेपलीकडचं धावपट्टीचं ते काळं डांबर रोज पाहिलं होतं, आणि रोज तिच्या पोटात तोच एक प्रश्न हलला होता.

तळासाठी बेटावरून सगळ्यांना बोटीत घालून काढलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षी तिला मुलगा झाला, तो रडलाच नाही. पाद्रीबाबा वर्षातून एकदा जहाजानं यायचे आणि ते येऊन गेलेले. बाप्तिस्मा नाही, म्हणून कबरस्तानात जागा नाही. अशा लेकरांसाठी बेटावरच्या बायकांची एक रीत होती. पेटी छातीशी धरून चॅपलच्या दारातून निघायचं, बेटाच्या आतल्या उथळ पाण्याच्या, लगूनच्या काठाकाठानं उत्तरेला, मरियामातेला तिच्या एकेका नावानं विनवणारी लितानी गात चालायचं, आणि शेवटचं नाव जिथं संपेल तिथं खड्डा घ्यायचा. पाद्री नसला तरी आईनं आईच्या हाती दिलेलं लेकरू, असं बायका म्हणत. ना दगड, ना क्रूस. खूण एवढीच, की पुन्हा दारापासून गात निघालं की शेवटच्या नावाला पाय त्याच जागी थांबत. झेलमीन वर्षभर दर रविवारी तशी गात गेली. मग बोट आली.

परराष्ट्र मंत्रालय वर्षातून एकदा काही शागोसकरांना बेटावर नेत असे, कबरस्तान झाडून घ्यायला. पण कबरस्तान आणि चॅपल सोडून पाऊल टाकायची परवानगी नसे. लेकराच्या जागेपर्यंत जाऊ द्या म्हणून तिनं तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. आपण वर्णन केलेलं ठिकाण निश्चित करता आलेलं नाही, सबब विनंतीचा विचार करता येत नाही.

आज ती पत्रं लिहिणारे मंत्रालयाचे कीबलसाहेब तिच्यापासून चार हातांवर बसले होते. उंच, नीटनेटका माणूस, पुढ्यात बेटाचा नकाशा.

अध्यक्षा विन्स्टॅन्लीबाई म्हणाल्या, "मिसेस लारोझ, ठिकाण नेमकं कुठं आहे, हे तुम्ही समितीला सांगू शकाल का?"

नात ओरिआन शेजारी बसून भाषांतर करून सांगत होती. झेलमीननं मान हलवली. "चॅपलच्या दारापासून लितानी संपते तिथं."

ओरिआननं ते इंग्रजीत सांगितलं आणि कान लाल झाले पोरीचे. एकदोन सभासद हसले, वाईट मनानं नव्हे.

कीबल हळूच म्हणाले, "आमची अडचण हीच आहे, अध्यक्षाबाई. याला ठिकाण म्हणता येत नाही."

"का नाही म्हणता येत?"

हा आवाज टेबलाच्या टोकाकडून आला. एम्लिन प्रोसर, वेल्समधले खासदार, सत्तरीचे. लष्करात असताना मोजणी खात्यात होते, आणि त्यांचे वडील खाणीच्या गावातल्या चॅपलमध्ये उपदेशक. त्या काळचा तो उपदेश म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं. आधी साधं बोलणं, मग शब्दाला चढत जाणारी धार, आणि अंगात देवाचा भर आला की वाक्याचं गाणंच व्हायचं. खालचे लोक आमेन म्हणत डोलायचे. लहानपणी एम्लिन खिडकीच्या कट्ट्यावर बसून ते ऐके, आणि वडील कुठल्या शब्दाला श्वास घेणार हे त्याला आधी कळे.

प्रोसर म्हणाले, "कीबल, माझ्या वडिलांचा रविवारचा उपदेश कधी चार मिनिटं इकडंतिकडं झाला नाही. गाण्याला माप असतं. बाई, तुमची ती लितानी दर वेळी तेवढ्याच चालीत?"

"पाऊल चुकलं तर म्हाताऱ्या पाठीत धपाटा घालायच्या, साहेब."

एवढ्यात भिंतीवरची घंटा घणघणली. खाली सभागृहात मतदान होतं. अध्यक्षाबाईंनी पाव तासासाठी काम थांबवलं आणि सभासद धडाधड उठून गेले. आठ मिनिटांत दारं बंद होतात, मग मत हुकतं.

प्रोसर उठले नाहीत. त्यांच्या पक्षाची प्रतोद दारातून डोकावली. "एम्लिन, चल ना बाबा! दोनतीन मतांचा खेळ आहे आज."

"मला काम आहे."

"अरे, सरकार पडेल!"

"पडलं तर उचलू या सगळे मिळून. तू पळ."

ती कपाळावर हात मारून गेली. प्रोसर झेलमीनकडं वळले. "चला बाई. बाहेरची वाट लांबलचक आहे. गात चालून दाखवा, मी मोजतो."

बाहेर सागवानी दारांची रांग, हिरवा गालिचा, भिंतींवर मेलेल्या मंत्र्यांची चित्रं. प्रोसरांनी आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून पावलं टाकली आणि आकडा हातावर लिहिला. झेलमीन टोकाच्या दाराशी उभी राहिली, देवाचं नाव घेतलं आणि निघाली. दहा पावलांत थांबली.

"नाही," ती म्हणाली. "नाही होणार, पोरी. हा गुडघा त्या वेळचा नाही. अशानं मी त्याला दाराशीच पुरून ठेवीन."

तिचा चेहरा असा उतरला, की ओरिआन भाषांतर करायचं विसरली.

"मग मी चालते," ओरिआन म्हणाली. "तू बसून गा. मी तुझ्या तालात पाऊल टाकते."

"तुला येते का लितानी?"

"तू शिकवलीस कधी?"

"तू शिकलीस कधी! रविवारी दहापर्यंत लोळणारी तू."

पण ती बाकावर टेकली. ओरिआननं फाइलींचा गठ्ठा उचलून छातीशी धरला.

"असा नको," आजी म्हणाली. "एक हात खालून घे. वजन आहे त्याला."

पोरीनं हात खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं.

आणि झेलमीन गाऊ लागली. पवित्र मरिये, आम्हासाठी विनंती कर. आवाज पहिल्यांदा फाटला, मग रुळला. एकेका नावाला चार पावलं, विनंतीला सहा, मधे श्वासाला एक. ओरिआन निघाली. तिसऱ्या नावापासून तीही पालुपद म्हणू लागली, कारण ते दर वेळी तेच होतं आणि न म्हणता चालणं जड जात होतं. शेपटीचा कोट घातलेला दरवान धावत आला. "बाई, इथं गाता येत नाही हो!" प्रोसर बोटांवर फेऱ्या मोजत होते, त्यांनी नुसतं बघितलं. दरवान थांबला, बाजूला सरला, आणि ओरिआन पुन्हा वळून त्याच्यापाशी आली तेव्हा त्यानं डोक्यावर नसलेली टोपी काढल्यासारखा हात नेला.

पहाटेच्या ताऱ्या, आम्हासाठी विनंती कर. आजाऱ्यांच्या आरोग्या. दुःखितांच्या सांत्वना. इथं झेलमीनचा सूर क्षणभर बसला, पण ताल सुटला नाही, आणि पोरीचं पाऊलही चुकलं नाही. ती परकी हिरवी वाट, त्या वाटेवर तिच्या लेकीची लेक, आणि तिच्या हातांत ज्याचं कधी तोंडही नीट पाहता आलं नाही ते. झेलमीनला मीठ लागलेल्या वाऱ्याचा वास आला. देवाला ठाऊक कुठून.

शेवटचं नाव संपलं. ओरिआन सहाव्या फेरीत, एका खिडकीपाशी उभी होती, गठ्ठा तसाच धरून.

प्रोसरांनी हातावरच्या आकड्यानं हिशेब केला. "चारशे वीस मीटर. दहापाच इकडंतिकडं."

सभासद परत आले. मतदान कसंबसं निभावलं होतं आणि प्रोसरांकडं काही डोळे वटारलेले होते. काम पुन्हा सुरू झालं.

"मिस्टर कीबल," प्रोसर म्हणाले, "चॅपलच्या दारापासून लगूनच्या जुन्या वाटेनं उत्तरेला चारशे वीस मीटरवर काय आहे?"

कीबलांनी पट्टी काढली. पट्टी वाटेच्या वळणांवरून सरकत गेली. झेलमीन त्यांच्या बोटांकडं बघत होती. तिनं ओरिआनचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की पोरगी कळवळली.

"धावपट्टीची कड पाचशेच्या पुढं सुरू होते," कीबल म्हणाले. ते थांबले, पुन्हा मोजलं. "इथं काँक्रीट नाही. जागा कुंपणाच्या आत आहे. पण झाडं आहेत."

"झाडं आहेत म्हणतात, आजी."

झेलमीननं डोळे मिटले. 

"म्हणजे ठिकाण निश्चित झालं," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "नोंद घ्या. भेटीचं काय, मिस्टर कीबल?"

"कुंपणाच्या आतला भाग आहे, अध्यक्षाबाई. सुरक्षेचा प्रश्न येतो. मंत्रिमहोदयांपुढं ठेवीन. वचन देता येणार नाही." त्यांनी कागद सारखे केले. "मात्र ठिकाण सापडत नाही, असं मी आता लिहिणार नाही."

ओरिआननं ते सांगितलं.  हातात यायचं ते अर्धंच आलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याकडं किती वर्षं आहेत, हे तिला मोजता येत होतं. मग ती थेट कीबलांशी बोलली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

"साहेब, तुम्ही गेला आहात तिथं?"

"दोन वर्षं होतो, बाई."

"दुपारी सावली असते?"

कीबलांनी एकदा अध्यक्षाबाईंकडं पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या फाइलीत नव्हतं.

"असते," ते म्हणाले. "चांगली गार. दुपारच्या सुट्टीत जवान तिथं डबे घेऊन बसतात. कुणीतरी बाक टाकलंय. गप्पा मारतात, खिदळतात."

"रोज?"

"रोज."

"बरं," झेलमीन म्हणाली. "माणसांचा आवाज असतो म्हणजे."

अध्यक्षाबाईंनी आभार मानले आणि पुढचा विषय पुकारला, तळावरच्या इंधनसाठ्याचा. पुढचे साक्षीदार दाराशी येऊन थांबले. ओरिआननं आजीचा कोट उचलला. पण झेलमीन उठून दाराकडं न जाता टेबलाला वळसा घालून नकाशापाशी गेली आणि पट्टी जिथं थांबली होती तिथं तिनं बोट ठेवलं.  कीबलांना तो नकाशा गुंडाळून पुढचा पसरायचा होता. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.