डोंग्याखालची शाळा

आमचा बुढा लटारू म्हंजे तलावावरचा सगळ्यात हट्टी ढिवर. मी, त्याची बायको, उपाशी राह्यली तरी चालन, पन डोंग्याले ओरखडा नाई गेला पायजे! मोहाच्या अख्ख्या खोडातून त्यानंच तो कोरला व्हता. वल्ह्याले मले हात लावू देत नोव्हता, तं पोरगी चंदा लांबच.

त्या उन्हाळ्यात आरमोरीकडून शाळेचे साहेब आले. म्हनले, "पावसाच्या आधी छप्पर उभं करा, मास्तर देतो. नाई तं तो दुसऱ्या गावाले जाईन." कास्तकारायनं टोपलं-टोपलं धान देलं, आमी ढिवरायनं एका दिवसाची सारी मासोळी देली. ते बजारात विकून छपराचे कवेलू आनले. भिती आमी बायायनंच लिपल्या. चंदा त्या बिनछपराच्या खोलीत जाऊन वर पाहत बसे. म्हने, "आई, ढगाईची शाळा भरून राह्यली."

अडलं ते आड्यापाशी. सारं छप्पर ज्यावर टेकते, तेच लांब लाकूड नाई. जंगलातून तोडाचा परवाना काई येईना, आन आभाळ तं भरून आलं. मुखरू सुतार तलावाकडे पाहून म्हनला, "लाकूड तं तिथी तरंगून राह्यलं."

बुढा भडकला. "आन मी काय पान्यावर चालू?"

"काठावरून जाळं फेका!" मी बी तडकली. "पोरगी माह्यासारखी जल्मभर आंगठा लावन काय?"

बुढा जेवला नाई. डोंगा घेऊन तलावाच्या मधात गेला आन जाळं न टाकता नुसता बसला. पानी हालत नोव्हतं, तो बी हालत नोव्हता. दिवस कलला तवा त्यानं स्वताच डोंगा काठावर ओढला. मुखरूले म्हनला, "पालथा घालजो नोको. पोट खाली ठेव."

छप्पर झालं, मास्तर आला. एक दिवस मी भाकर घेऊन गेली, तं बुढा शाळेत जमिनीवर उताना पडला व्हता. लेकरं बाजूले पाढे म्हनून राह्यले, आन वर डोंग्याचं काळं पोट.

"मासोळ्याईले असा दिसत व्हता तं," तो हळूच म्हनला.

आता काठावरून मासोळी अर्धीच भेटते. खोटं काऊन बोलू, जीव तुटते. परवा मले सपन पडलं. सकाळी बुढा जाळं विनून राह्यला व्हता, तवा त्याले सांगतलं, "शाळा तलावावर तरंगत चालली व्हती. सारे लेकरं आत. पार पलीकडे चालली, दिसेनाशी झाली."

बुढ्याचा हात थांबला. "वल्हं कोनाच्या हातात व्हतं?"

"चंदाच्या."

बुढ्यानं जाळ्याची गाठ मारली.

"मंग जाऊ दे," तो म्हनला.