हिरवा उतार

कचेरीत सगळे तिला पाठीमागे लालबाई म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. डोंगरावर जागोजागी बसवलेली हवामानाची यंत्रं रोज ऊन, वारा आणि हवेतला ओलावा यांचे आकडे पाठवत. त्यांवरून कुठल्या उतारावर आग लागण्याची किती भीती आहे, याचा नकाशा ती रोज सकाळी रंगवत असे. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे काडीसुद्धा ओढायची नाही. यंदा उन्हाळा लांबला आणि नकाशा लालच्या लाल राहिला. लाल दिला की जंगल बंद, लाकूडतोडे घरी, सहलीला आलेले माघारी, आणि शिव्या सगळ्या हिच्या नावाने. बरं, आग लागली असती तर निदान तोंड वर करून बोलता आलं असतं. पण लाल दिला की माणसं जपून वागत, म्हणून आग लागत नसे, आणि आग लागली नाही म्हणून लाल खोटा ठरत असे. असला धंदा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

घरीही सुटका नव्हती. नवरा परगावी नोकरीला, घरात सासूबाई आणि धाकटा दीर. हा दीर वणवा विझवणाऱ्या टोळीचा म्होरक्या. दक्षिणेकडच्या उतारावर त्याचं जाळरेषेचं काम अडून पडलं होतं. मोठी आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा आपणच आधी जाळून मोकळा ठेवायचा, ती जाळरेषा. आणि तो पट्टा जाळायचा तर त्या दिवशी उतार हिरवा हवा.

"वहिनी, तुमच्याकडचा हिरवा रंग संपला असेल तर सांगा, बाजारातून आणतो," तो चहाच्या वेळी म्हणे.

"आणा भावजी. येताना थोडा पाऊसही आणा."

हा विनोद पहिल्या आठवड्यात बरा होता. पुढे पुढे ती नुसतीच कप विसळायला उठे. साहेब तर विनोदही करत नसत. "बाई, लांडगा आला रे आला किती दिवस करणार? लोकांचा विश्वास उडतो हो," एवढं बोलून ते खोलीत जात आणि दार जरा जोरातच लावत.

त्या सकाळी ती कचेरीत आली तीच शिणलेली. आकडे उघडले तर दक्षिणेकडच्या उतारावरचं यंत्र चक्क गार, दमट हवा दाखवत होतं. उतार हिरवा झाला. आजूबाजूची सगळी यंत्रं ठणठणीत कोरडी आणि हे एकटंच ओलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. असं झालं की तिथल्या टॉवरवर पहाऱ्याला असणाऱ्या काकांना वायरलेसवर विचारून घ्यायचं, हा तिचा स्वतःचाच नेम होता. पण विचारलं की हिरव्याचा पुन्हा लाल होणार, पुन्हा साहेबांचं दार, पुन्हा चहाच्या वेळचा विनोद. तिला या सगळ्याचा अगदी वीट आला होता. खोऱ्यात धुकं अडकलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि नकाशा पाठवून दिला. साहेब आपणहून येऊन शाब्बास म्हणाले, जणू हवा तिनेच ओली केली होती.

दुपारी डबा उघडला, पण नजर पुन्हा पुन्हा आकड्यांकडे जात होती. बाहेर ऊन रखरखत होतं, वारा सुटला होता, आणि ते यंत्र मात्र सकाळइतकंच गार. खऱ्या हवेला असा हट्ट जमत नाही. डबा तसाच टाकून तिने वायरलेस उचलला.

"काका, तुमच्याकडे धुकं आहे का?"

"धुकं कसलं बाई, डोळे भाजतायत."

"मग यंत्र ओलं कसं?"

"ओलं असणारच," काका कौतुकाने म्हणाले. "साहेबांचा हुकूम आला ना, यंत्राची नीट काळजी घ्या म्हणून. बिचारं दिवसभर उन्हात उभं असतं. कालपासून त्याच्या डोक्यावर ओलं पोतं टाकलंय. वाळलं की परत भिजवतो."

तिला रागावताही येईना. काळजी म्हणजे काय, हे काकांना कुणी समजावलं नव्हतं, आणि त्या डोंगरावर एकट्या माणसाला जीव लावायला दुसरं होतं तरी काय.

"काका, पोतं काढा. आणि टोळीला सांगा, काडी लावू नका. आजचा हिरवा तुमच्या पोत्याचा आहे, हवेचा नाही."

काका उतारावर टोळी दिसते का ते बघायला कठड्याशी गेले. मग काकांचा आवाज पार बदलून आला. "बाई, खाली धूर दिसतोय की."

तिने उतार लाल केला, साहेबांच्या खोलीत जाऊन "चूक माझी आहे, मी विचारलं नाही" असं सांगितलं आणि उत्तराची वाट न बघता परत वायरलेसपाशी येऊन बसली. काका टॉवरवरून वाऱ्याची दिशा ओरडून सांगत होते, कुणी खोकत होतं, कुणी "डावीकडून झोडपा" म्हणत होतं. दिराचा आवाज एकदा आला, मग बराच वेळ आलाच नाही. त्या वेळात सासूबाईंना काय सांगायचं याची वाक्यं ती जुळवत राहिली आणि त्यातलं एकही पुरं झालं नाही. शेवटी काका म्हणाले, "विझली बाई. ओढ्यापर्यंतचं गवत गेलं. माणसं सगळी आहेत."

संध्याकाळी दीर घरी आला. दोनदा तोंड धुऊनही काजळी निघाली नव्हती.

"अरे, भुवया कुठे टाकून आलास?" सासूबाईंनी विचारलं.

"लग्नाच्या आत उगवतील," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

ती वाढत होती. न बोलता वाढत राहणं तिला सोसेना. "भावजी, मला सकाळीच शंका आली होती. विचारायचा कंटाळा केला. तुम्ही सगळे मेला असतात आज."

तो घास चावत राहिला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"शंका मलाही आली होती," तो म्हणाला. "गवत पायाखाली चुरचुरत होतं. पोरं म्हणाली, परत फिरू. मी म्हटलं, माझी वहिनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हिरवं म्हणतेय, म्हणजे हिरवंच असणार."

त्याने ताट पुढे केलं. तिच्याने काही वाढवेना.