चहात मुरलेला नवरा

नाकवाल्या बाईंच्या घरात पंखा लावायला बंदी होती. जीव जाईल इतका उकाडा असो, पाहुणे असोत, खुद्द बाईंना चक्कर आलेली असो, पंखा नाही. कारण पंखा लावला की पानं वाळतात, आणि पानं वाळली की बाईंचे अहो वाळतात.

पानं तंबाखूची. अहो पेशाने लिफ्ट दुरुस्त करणारे. दिवसभर लोकांना वर-खाली करून दमलेला हा माणूस संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन, केस विंचरून, एखाद्या मुलाखतीला बसावं तसा जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि सिगार वळायचा. पानाची मधली शीर काढायची. आतल्या पानांच्या चुण्या घालायच्या, हवा खेळली पाहिजे म्हणून. त्यावर एक पान गुंडाळून लाकडी साच्यात दाबून ठेवायचं. मग वरचं देखणं पान तिरकं तिरकं फिरवत आणायचं आणि टोकाला खळीने टोपी चिकटवायची. एवढं करून स्वतः ओढायची नाही. एकदा ओढली होती, तेव्हा असे खोकले की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला वर आले.

"मग वळता कशाला?" बाई विचारायच्या.

"अगं, मासे धरणारे सगळे मासे खातात का?"

"खातात."

"सगळे नाही खात."

इथे संवाद संपायचा. लग्न टिकायचं असेल तर काही संवाद इथेच संपवावे लागतात.

पानं ओलसर राहावीत म्हणून बाथरूममध्ये दोरीवर टांगलेली असत, आणि गरम पाण्याच्या वाफेचा त्यांना लाभ व्हावा म्हणून बाईंनी सावकाश आंघोळ करावी अशी अहोंची विनंती असे. पाठीला ओलं पान येऊन चिकटलं की बाई आतून किंचाळत आणि बाहेरून अहो ओरडत, "फाटलं का?" हा प्रश्न बाईंबद्दल कधीच नसायचा.

आता हे कुणाच्याही घरी वाईटच. पण या घरात जास्त वाईट, कारण बाई एका चहाच्या पेढीत चव घेणाऱ्या होत्या. सगळा संसार त्यांच्या नाकावर उभा होता. उलट अहोंचं नाक म्हणजे नुसतं चष्मा टेकवायला. काही वर्षांपूर्वी एका तापात त्यांचा वास गेला तो गेलाच. आणि नव्या सिगारला महिनोन् महिने अमोनियाचा वास येत राहतो, सभ्य भाषेत सांगायचं तर मांजर सुट्टीला येऊन राहून गेल्यासारखा. तो गेला की सिगार मुरली. तो गेला की नाही हे फक्त नाक सांगू शकतं.

"अगं, एकदा हुंगून सांग ना."

"हुंगायचे मला ऑफिसात पैसे मिळतात."

बाई कामाचे कपडे ऑफिसातच ठेवायच्या, तिथे जाऊन बदलायच्या, डोकंसुद्धा बिनवासाच्या साबणाने धुवायच्या. तंबाखूचा एक कणही चहाच्या टेबलापर्यंत जाऊ नये यासाठी त्यांनी जेवढी मेहनत घेतली होती, तेवढ्यात माणूस दुसरं लग्न करून मोकळा झाला असता.

त्यातच मोठे साहेब निवृत्त व्हायला निघाले. मुख्य परीक्षकाची त्यांची खुर्ची एकतर बाईंना मिळणार किंवा शब्दकोशाला. शब्दकोश हे सहकाऱ्याचं टोपणनाव. त्याला नाक बेताचं होतं, पण विशेषणं अफाट. साध्या चहालाही तो 'लाजरा, पण आतून कणखर' वगैरे म्हणायचा आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. बाई त्याच चहाला 'जुना माल' म्हणायच्या. बाईंना ती खुर्ची हवी होती. इतकी, की त्या तिच्याकडे बघायचंही टाळायच्या. साहेबांनी जाहीर केलं, शेवटची चव परीक्षा घेऊ, नावं झाकून. जो बरोबर सांगेल त्याची खुर्ची.

परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी बाई जुन्या नमुन्यांची उजळणी करत बसल्या असताना अहो म्हणाले, "ती तुमच्या ऑफिसातली मोडकी पेटी होती ना, झाकण तुटलं म्हणून तू आणलेली? तिच्यात मी सिगार मुरवत होतो, पण आता त्यांना कपाटच केलंय. म्हटलं, फुकटची वस्तू कशाला ठेवा. नव्या बिजागऱ्या लावल्या, ओल्या फडक्याने पुसली आणि गोदामवाल्या काकांकडे देऊन आलो."

"हं," बाई म्हणाल्या.

संसारातले निम्मे अपघात या 'हं'मुळे होतात.

परीक्षेच्या दिवशी पांढऱ्या कपांची रांग लागली. चमच्याने चहा उचलायचा, सुर्र करून भुरका मारायचा, तोंडभर फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. दारावरून जाणाऱ्याला वाटावं, आत चार सुशिक्षित माणसांना उलट्या होताहेत. पहिले काही कप सरळ गेले. मग शब्दकोशाने पुढच्या कपाचा भुरका मारला आणि डोळेच मिटले.

"काय खोली आहे! जुन्या चामड्याच्या खुर्चीवर बसून कुणीतरी मध खातंय. शिवाय शेवटी एक... एक रानटी आठवण!"

मोठ्या साहेबांनीही भुरका मारला. "वेगळा आहे खरा," ते हळूच म्हणाले. "बाई?"

बाईंनी चमचा नुसता ओठांजवळ नेला आणि तसाच बादलीत उपडा केला. ही रानटी आठवण त्या रोज बाथरूममध्ये पाठीवरून सोलून काढत होत्या.

"हा दोष आहे साहेब. चहाला तंबाखूचा वास लागलाय. कच्च्या तंबाखूचा नाही, वळून ठेवलेल्या. तीन महिने मुरलाय, अमोनिया अजून गेलेला नाही."

"तीन महिने?" शब्दकोश हसला. "बाई, त्याचा वाढदिवसही सांगा ना!"

"गुरुवार," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी तो नमुना ज्या पेटीतून आला ती मागवली. झाकणावर नव्या कोऱ्या बिजागऱ्या चमकत होत्या. साहेबांनी पेटीत डोकं घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पेढीत तंबाखू आणणं म्हणजे थेट घरी जाणं, हा नियम त्यांनीच केलेला.

"गोदामवाले! तंबाखू खाता तुम्ही?"

"आईशप्पथ नाही साहेब!" काकांनी हात जोडले. "मी तर सुपारीपण सोडली. बायकोने सोडायला लावली."

"मग हा वास कुणाचा?"

बाईंना वाटलं, गप्प राहावं. दोष आपण ओळखला, खुर्ची आपली. पेटीचा वास कुणाचा हे सांगायची परीक्षा नव्हती. मग काका खिशातून रुमाल काढून घाम पुसायला लागले आणि बाईंना स्वतःचाच इतका वैताग आला, की तो आवाजात उतरला.

"हा वास माझ्या नवऱ्याचा आहे."

शब्दकोशाने चमचा खाली ठेवला. त्याच्याकडेसुद्धा या वासाला आता विशेषण नव्हतं.

बाईंनी सगळं सांगितलं. पानं, साचे, पंखा, आंघोळ, मोडकी पेटी, अहोंचा प्रामाणिकपणा. मधेच साहेब तोंडावर हात धरून खिडकीकडे वळले. ते रागावले की हसले, हे पाठीवरून कळेना. वळले तेव्हा मात्र गंभीर होते.

"दोष तुमच्या घरातून आला आणि तो तुम्हीच ओळखलात. यांनी त्यात मध शोधला. खुर्ची तुमची. पण अट एक. तंबाखू घरातून गेला पाहिजे. रविवारी मी स्वतः बघायला येईन."

घरी आल्यावर बाईंनी हे एका दमात सांगितलं. अहोंनी चष्मा काढून पुसला. बाईंना वाटलं, आता माणूस रडणार.

"अमोनिया होता अजून?" अहोंनी विचारलं.

"होता!"

"जास्त की थोडा?"

बाईंनी दुसऱ्या खोलीत जाऊन दार आपटलं. दारामागे टांगलेली पानं खाली पडली.

रविवारी साहेब आले. अहो खिन्न चेहऱ्याने सामान खोक्यात भरत होते. साहेबांनी तपासणीसाठी म्हणून एक पान उचललं. "ही शीर कशी काढता?" त्यांनी विचारलं. अहोंनी दाखवलं. मग साहेबांनी काढून पाहिली. बाई जेवण वाढून दमल्या, भांडी घासून झाली, तरी दोघं टेबलाशी डोकं जोडून बसलेले. साहेबांनी वळलेली पहिली सिगार पोट सुटलेल्या पेन्सिलीसारखी झाली होती आणि ते तिच्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते.

"उद्यापासून मला नाकाचं काय काम?" ते म्हणाले. "आणा सगळं माझ्याकडे. खोली रिकामीच आहे."

सोमवारी बाई नव्या खुर्चीवर बसल्या. घर मोकळं झालं होतं. नाक स्वच्छ होतं. अहो रोज कामावरून परस्पर साहेबांकडे जायचे आणि तिथूनच जेवून यायचे. बाईंना इतकं सुख सोसेना.

पंधरवडाही गेला नसेल, पेढीत फोन आला. पलीकडे साहेबांच्या पत्नी.

"नव्या मुख्य बाई का तुम्ही? तुमच्या यजमानांचं काय करायचं ते सांगा. दोघांनी मिळून माझं लग्नातलं कपाट रिकामं केलं हो! साड्या पलंगावर, आणि आत त्या विड्या झोपल्यात. दार उघडलं तर म्हणतात, हळू बोल, मुरताहेत."

"विड्या नाही, सिगार," बाई म्हणाल्या.

"काहीही असो! तुमचा माणूस तुम्ही परत घेऊन जा."

बाईंनी समोरच्या कपाचा वास घेतला. स्वच्छ, हिरवा, कशाचाही नाही.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "पण एकदा उघडलेला माल आमची पेढी परत घेत नाही."